शाळेची घंटा आणि मुलांची झोप

पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा आदेश महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. मुलांची झोप पुरी होत नाही, हे तत्कालीन राज्यपालांनी त्याआधी जाहीरपणे बोलून दाखविले होते. आदेश निघताच बसवाल्यांनी आणि दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांनी कुरकूर केली, चर्चा वाहतुकीच्या कोंडीत अडकली आणि झोपेचा शिकण्याशी संबंध काय, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

मेंदूविज्ञानाच्या नावाखाली आज पालकांना पुष्कळ काही विकले जाते. त्यातील बरेचसे भंपक आहे. निद्रेविषयीचे संशोधन मात्र त्या पंक्तीत बसविता येणार नाही. दिवसा ऐकलेले-वाचलेले मेंदूत प्रथम हिप्पोकॅम्पस या भागाच्या आधाराने नोंदले जाते आणि गाढ झोपेत त्याची जणू उजळणी होते. उंदीर जागेपणी एखाद्या जागेत हिंडत असता ज्या पेशी एकत्र उद्दीपित होतात, त्याच नंतरच्या झोपेतही एकत्र उद्दीपित होतात, असे विल्सन आणि मॅकनॉटन यांना १९९४ साली आढळले. तेव्हा पाठांतरासाठी झोप मोडणारा विद्यार्थी एका हाताने कमावतो आणि दुसऱ्याने गमावतो.

आदेशाचे स्वागत करताना एक प्रश्न विचारणे भाग आहे. तो चौथीवरच का थांबला? लहान मुले स्वभावतः लवकर निजतात व लवकर उठतात. यौवनात पदार्पण होताच शरीराचे घड्याळ मागे पडते. झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. हा सारा मोबाईलचा प्रताप आहे, असे आपण म्हणतो, आणि मोबाईलने त्यात भर घातली हे खरेच. परंतु मेरी कार्स्काडन यांनी हा बदल यौवनाशी निगडित असल्याचे १९९३ मध्येच दाखवून दिले होते, तेव्हा मुलांच्या हाती मोबाईल नव्हता. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञ सांगतात. रात्री अकराला डोळा लागणारा आणि सातच्या तासासाठी साडेपाचला उठणारा कनिष्ठ महाविद्यालयीन विद्यार्थी साडेसहा तासच झोपतो. पहिल्या तासाला पेंगणाऱ्याला आपण आळशी ठरवतो!

वेळ बदलल्याने मुले अधिकच जागतील, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर सिॲटल शहरात मिळते. तेथील माध्यमिक शाळांची वेळ २०१६ मध्ये ७.५० वरून ८.४५ वर नेण्यात आली, तेव्हा विद्यार्थ्यांची रोजची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढल्याचे आढळले. कॅलिफोर्निया राज्याने तर कायदाच केला. २०२२ पासून तेथील बहुतेक हायस्कुले साडेआठपूर्वी भरत नाहीत.

आपल्याकडे अडचण पैशाची आहे, आणि ती खोटी नव्हे. मुंबई-पुण्यात जागा दुर्मिळ. एकच इमारत दोन सत्रांत दोन शाळांचे काम करते. आठची लोकल गाठणाऱ्या आईबापांनाही नऊची शाळा गैरसोयीची वाटते. पण हा हिशेब एकाच बाजूचा आहे. दुसऱ्या इमारतीचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो. पेंगत गेलेल्या तासांची किंमत कोणत्याच खातेवहीत चढत नाही. यातून एक भय संभवते. धाकट्यांना नऊची वेळ द्यायची म्हणून थोरल्यांना पहाटेच्या सत्रात ढकलण्याचा तोडगा संस्थांना सर्वांत स्वस्त वाटेल. तसे झाल्यास ज्या वयाची झोप सर्वाधिक उशिराची, त्याच वयावर सर्वांत लवकरची घंटा लादल्यासारखे होईल. शासनाने आदेशाची व्याप्ती वाढविण्यापूर्वी निदान हे रोखावे.

इमारती उभ्या राहीपर्यंत वेळापत्रक तरी आपल्या हातात आहे. सकाळच्या सत्रात आठवी ते बारावीच्या वर्गांना पहिल्याच तासाला गणित ठेवू नये, आणि घटकचाचणी सात वाजता घेऊ नये. ती शेवटच्या तासांत घेण्यासाठी अनुदान लागत नाही. मुख्याध्यापकांनी सूचनाफलकावर लावलेला एक कागद पुरतो.