विडंबनावर गुन्हा दाखल होऊ शकतो का? नाशिकपर्यंत पोहोचलेलं कामरा प्रकरण काय सांगतं?

गाणं सादर झालं मुंबईतल्या खारमध्ये. तक्रारी मात्र नाशिक आणि जळगावातूनही आल्या. कॉमेडियन कुणाल कामराने 'दिल तो पागल है' (१९९७) या सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर विडंबन केलं. त्यात एकनाथ शिंदे यांचं नाव नव्हतं, पण 'गद्दार' शब्द होता. २३ मार्च २०२५ च्या रात्री शिवसैनिकांनी 'हॅबिटॅट' स्टुडिओची तोडफोड केली. १२ जणांना अटक झाली आणि लगेच जामीनही मिळाला. कामरावरही गुन्हे दाखल झाले.

विडंबन आणि उपहास वेगळे कसे?

विडंबनात एखाद्या ओळखीच्या कलाकृतीची नक्कल असते. आचार्य अत्रेंनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेली 'झेंडूची फुले' हे त्याचं ठळक मराठी उदाहरण. तिथे निशाण्यावर त्या काळातली कविता होती. उपहासाचा रोख माणसांच्या वागण्यावर, सत्तेवर असतो. कामराने चाल सिनेमाची घेतली आणि रोख राजकारणावर ठेवला. म्हणजे दोन्ही एकत्र.

कायदा काय म्हणतो?

विडंबन हा स्वतंत्र गुन्हा नाही. कामरावर भारतीय न्याय संहितेची कलमं ३५३ आणि ३५६ लावली गेली. कलम ३५३ लोकांमध्ये भीती किंवा तेढ पसरवणाऱ्या मजकुराबद्दल आहे, तर ३५६ बदनामीबद्दल. बदनामीच्या खटल्यात साधारणपणे ज्याची बदनामी झाली, त्यानेच न्यायालयात तक्रार करावी लागते. नेत्याचा समर्थक दुखावला, एवढ्याने भागत नाही.

न्यायालयांची भूमिका

२८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा, एका कवितेमुळे दाखल झालेला गुन्हा रद्द केला. तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या अभिव्यक्तीच्या प्रकरणांत पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य ठरेल, असं न्यायालयाने म्हटलं. कलम ३५३ मध्ये तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे हा मुद्दा इथेही लागू होतो. २५ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने कामराची याचिका प्रलंबित असेपर्यंत त्याला अटक न करण्याचे आदेश दिले. तपासाला मात्र मुभा दिली.

शेअर करणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

कलम ३५३ फक्त लिहिणाऱ्यापुरतं नाही, मजकूर पसरवणारेही त्यात येतात. स्टेजवर केलेला विनोद प्रेक्षकांना विनोद म्हणूनच कळतो. त्याच व्हिडिओतला दहा सेकंदांचा तुकडा गावाच्या ग्रुपवर गेला की संदर्भ गळून पडतो. उपहासात्मक 'बातमी'चा स्क्रीनशॉट तर खरी बातमी म्हणूनच फिरतो.

म्हणून फॉरवर्ड करण्याआधी मूळ खातं उघडून पाहा. १० एप्रिल २०२५ पासून 'एक्स'वर विडंबन खात्यांना नावाच्या सुरुवातीलाच तसं लिहावं लागतं. आणि तुकड्याऐवजी मूळ लिंक पाठवा. म्हणजे समोरच्याला विनोद पटो न पटो, तो विनोद आहे हे तरी कळेल.