फुकटच्या टपालपेटीचा मालक कोण?

घराची किल्ली हरवली तर कुलूप तोडून घरात शिरता येते. घर कोणाचे हे शेजारी सांगतात. पासबुक हरवले तर बँकेचा व्यवस्थापक सही ताडून दुसरे देतो. परंतु ई-मेलचे खाते एखाद्या भामट्याने बळकावले, तर ते आपलेच आहे हे मूळ मालकाने कोणापुढे आणि कसे सिद्ध करावयाचे? या साध्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आपल्या व्यवस्थेने अद्याप दिलेले नाही.

हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. विद्यार्थ्याचे परीक्षेचे अर्ज, कारकुनाला येणाऱ्या प्राप्तिकराच्या सूचना, शिक्षकाचा सारा पत्रव्यवहार एकाच पत्त्यावर येतो. इतर खात्यांचे परवलीचे शब्द बदलण्याची सोयही बहुधा त्याच पत्त्यामार्फत होते. तेव्हा ही नुसती तिजोरी नसून अनेक तिजोऱ्यांच्या किल्ल्यांचा जुडगा आहे. आत शिरलेला चोर प्रथम परवलीचा शब्द बदलतो, मग नोंदविलेला दूरध्वनी क्रमांक बदलतो. पुष्कळदा येणारी पत्रे परस्पर स्वतःकडे वळविण्याची तजवीजही करून ठेवतो. म्हणूनच खाते परत मिळाल्यावर केवळ परवलीचा शब्द बदलून भागत नाही. ही वळवणूकही शोधून बंद करावी लागते.

गुगलसारखी कंपनी क्रमांक बदलला गेल्यानंतर सात दिवसांपर्यंत जुन्या क्रमांकावर संकेतांक मागविण्याची संधी देऊ शकते. ही सवलत उपयुक्त खरी. पण तो जुना क्रमांक मालकाच्या हाती असला पाहिजे. भारतात बंद पडलेला मोबाईल क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. सिमकार्ड बदलले आणि खात्यातील नोंद तशीच राहिली, तर आपल्या घराची किल्ली आपणच अनोळखी माणसाच्या हवाली केल्यासारखे होते.

मग कंपन्यांनी खाते परत देण्याचे नियम सैल करावेत काय? येथे सावधगिरी हवी. अमेरिकेत २००८ साली उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे याहूवरील खाते एका विद्यार्थ्याने बळकावले, ते याच सैलपणामुळे. जन्मतारीख, टपालाचा क्रमांक आणि पतीशी भेट कोठे झाली, एवढी प्रसिद्ध माहिती देऊन त्याने नवा परवलीचा शब्द मिळविला. मालकासाठी सोपा केलेला दरवाजा चोरालाही सोपाच असतो. कंपन्यांच्या कठोरपणामागे हे कारण आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु कठोरपणा वेगळा आणि बेजबाबदारपणा वेगळा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार दुसऱ्याचा परवलीचा शब्द लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चोराला शिक्षा झाली म्हणून खाते परत मिळतेच असे नाही. २०२१ च्या नियमांनी मध्यस्थ कंपन्यांवर तक्रार निवारण अधिकारी नेमण्याचे आणि तक्रारीची पोच २४ तासांत देण्याचे बंधन घातले. २०२३ साली अपील समित्याही स्थापन झाल्या. मात्र मालकीचा कोणता पुरावा पुरेसा मानावा, हे ठरविणे कंपनीच्याच हाती राहिले.

मुळात दुखणे अर्थव्यवहाराचे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने विनामूल्य सेवेला ‘सेवा’च्या व्याख्येतून वगळले आहे. पण जी सेवा जाहिरातींच्या उत्पन्नावर चालते आणि जिच्या वापरातून माणसांची माहिती गोळा होते, ती खरोखर विनामूल्य म्हणावी काय? पैशांऐवजी माहितीच्या रूपाने मोबदला देणारा वापरकर्ता कायद्याच्या दृष्टीने ग्राहक ठरणे कठीण. याउलट बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०१७ साली स्पष्ट दंडक घातला, की बँक व ग्राहक दोघांचाही दोष नसताना त्रयस्थामुळे रक्कम गेली आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याचे दायित्व शून्य. तेथे ग्राहकाला हक्क आहे. येथे केवळ विनंती आहे.

हा भेद मिटविता येण्यासारखा आहे. ज्यांची इच्छा असेल त्यांना खाते सुरक्षित असतानाच आपली ओळख नोंदविण्याची मुभा असावी. खाते गेल्यास टपाल कार्यालयात प्रत्यक्ष हजर राहून ती पटविता यावी. जर्मनीत टपाल कार्यालयातून ओळख पटविण्याची अशी पद्धत रूढ आहे. जुन्या पत्त्यांवर सूचना देऊन काही दिवस थांबावे, आणि नकार द्यावयाचा तर तो कारणांसह माणसाने द्यावा, यंत्राने नव्हे. उशीर चालेल, पण दाद लागली पाहिजे.

तोपर्यंत ज्याने त्याने आपल्या खात्यात नोंदविलेला क्रमांक तपासावा, दुहेरी पडताळणी चालू करावी आणि कंपनी देते ते राखीव संकेतांक कागदावर उतरवून शिधापत्रिकेशेजारी ठेवावेत. ही व्यक्तीची दक्षता झाली. परंतु नागरिकांचा पत्रव्यवहार ज्या पेटीत साठतो, तिच्या मालकीचा निवाडा कंपनीच्या मर्जीवर सोडणे कायद्याच्या राज्याला शोभणारे नाही.