इटलीचा प्रवास कीं इटलीची हजेरी?

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ लवकरच सेवानिवृत्त होत आहेत. पस्तीस वर्षें नोकरी करून शिल्लक टाकलेल्या पैशांतून सपत्नीक इटलीस जाऊन यावें, असें त्यांनीं योजिलें आहे. मागील महिन्यांत ते आमच्याकडे आले व खिशांतून एक कागद काढून त्यांनीं आमच्यापुढें ठेवला. कागदावर दिवस पंधरा होते आणि शहरें अकरा: मिलान, व्हेरोना, व्हेनिस, पादुआ, बोलोन्या, फ्लॉरेन्स, पिसा, सिएना, रोम, नेपल्स व पाँपेई. “ह्यांत कांहीं राहिलें तर नाहीं ना, तेवढें पाहून द्या,” असें ते म्हणाले. आम्हीं कागद वाचला व उत्तर दिलें, “राहिलें आहे. तुम्हीं कोठें राहावयाचें, तेंच राहिलें आहे.”

गृहस्थांस आमचें बोलणें रुचलें नाहीं. परंतु हा कागद त्यांच्या एकट्याचा नाहीं. आमच्या सुशिक्षित मध्यम वर्गांतील ज्या कुटुंबांस आतां परदेशगमनाची ऐपत आली आहे, त्यांपैकीं बहुतेकांच्या घरीं असाच एखादा कागद तयार होत असतो. आणि ज्यांच्या घरीं तो होत नाहीं, त्यांस प्रवासी मंडळ्या तो छापून देतात. शहरांची संख्या जितकी मोठी तितका प्रवास मोठा, ही समजूत आमच्यांत इतकी रुजली आहे कीं तिच्याविरुद्ध बोलणारा मनुष्य एक तर विक्षिप्त ठरतो, नाहीं तर मत्सरी. ह्या समजुतीस खतपाणी घालण्याचें पाप मासिकांतून प्रवासवर्णनें लिहिणाऱ्या आमच्यासारख्या मंडळींकडेही येतें, हें आम्ही प्रारंभींच कबूल करतों. “सकाळीं अमुक पाहिलें, दुपारीं तमुक पाहिलें,” अशी हजेरी मांडण्यांतच आमच्यापैकीं अनेकांची लेखणी झिजली आहे.

प्रथम साधा हिशेब पाहूं. अकरा शहरें म्हणजे दहा स्थलांतरें. पिसा व पाँपेई हीं वाटेवरचीं म्हणून सोडून दिलीं, तरी आठ उरतात. इटलींतील जलद आगगाडी रोमहून फ्लॉरेन्सला सुमारें दीड तासांत पोंचते हें खरें. पण दीड तास हा गाडीचा हिशेब झाला, माणसाचा नव्हे. माणसास सकाळीं सामान बांधावें लागतें, स्टेशन गांठावें लागतें, नव्या गांवांत उतरून दगडी फरसबंदीवरून पेट्या ओढीत मुक्काम शोधावा लागतो. आणि तेथें खोली बहुधा दुपारनंतरच मिळते. म्हणजे दर स्थलांतरास अर्धा दिवस गेला. असे आठ अर्धे दिवस मिळून चार दिवस झाले. येण्याचा एक व जाण्याचा एक असे आणखी दोन वजा करा. पंधरांतून उरले नऊ. नऊ दिवसांत अकरा शहरें! एका शहराच्या वांट्यास एक पुरा दिवसही येत नाहीं. हा अंकगणिताचा प्रश्न प्राथमिक शाळेंतील मुलगाही सोडवील. परंतु हौसेच्या भरांत आम्हां पदवीधरांस तो सुटत नाहीं.

त्यांतही ह्या कागदांवर तारखा असतात, वार नसतात. फ्लॉरेन्समधील उफ्फीत्सी हें चित्रालय आणि मायकेलअँजेलोचा मूळ डेव्हिड जेथें आहे तें आकादेमिया, हीं दोन्ही सोमवारीं बंद असतात. व्हॅटिकनचीं संग्रहालयें महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारीं उघडत नाहींत. मिलानमध्यें लिओनार्दोचें ‘अखेरचें भोजन’ पाहण्यास आगाऊ जागा राखून ठेवावी लागते, आणि लहान लहान गटांनीं आंत सोडून पंधरा मिनिटांनीं बाहेर काढतात. पादुआच्या स्क्रोवेन्यी प्रार्थनामंदिरांत जोत्तोनें १३०५ च्या सुमारास पुरीं केलेलीं भित्तिचित्रें आहेत. तेथें आंतील हवा बिघडूं नये म्हणून प्रेक्षकांस आधीं एका बंद दालनांत पंधरा मिनिटें बसवून मगच पुढें सोडतात. चित्रापुढें उभें राहण्यापूर्वीं थोडें थांबावें, ही अट तेथें सक्तीची आहे. आमच्या मतें ती सबंध देशास लागू करण्यास हरकत नव्हती.

हें आम्ही उपदेश म्हणून सांगत नाहीं; आमची स्वतःची फजिती आठवून सांगत आहों. अनेक वर्षांपूर्वीं आम्ही प्रथम इटलीस गेलों, तेव्हां असाच एक कागद आमच्याही खिशांत होता. त्यांत फ्लॉरेन्सच्या वांट्यास एक दिवस आला होता, आणि तो दिवस सोमवार होता. उफ्फीत्सीच्या बंद दारावरून परत फिरून आम्ही शेजारच्या चौकांत गेलों, तेथें उभ्या असलेल्या डेव्हिडपुढें छायाचित्र काढविलें, व समाधानानें गाडी पकडली. मूळ मूर्ति १८७३ सालींच त्या चौकांतून हलविली असून आपण पाहिली ती प्रतिकृति, हें आम्हांस घरीं आल्यावर एका पुस्तकांतून कळलें. तोंपर्यंत “डेव्हिड पाहिला” असें आम्हीं चार मित्रांस सांगूनही टाकलें होतें. छायाचित्र अद्याप आमच्या संग्रहीं आहे. तें आम्ही कोणास दाखवीत नाहीं.

आतां आमच्या प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकूं. “आयुष्यांत एकदांच जावयाचें, मग एवढा खर्च करून गेल्यावर सर्व पाहून कां घेऊं नये?” हा त्यांचा मुख्य आक्षेप. त्यांतील व्याकुळता आम्हांस कळते. पस्तीस वर्षांच्या शिलकीवर निघालेल्या माणसास दुसरी फेरी नाहीं, हें दुःख खोटें नव्हे. परंतु जें एकदांच व्हावयाचें, तें नीट व्हावें, असाच त्याचा अर्थ नाहीं काय? घरांत एकच मंगलकार्य असलें म्हणून आपण एका दिवशीं अकरा मुहूर्त धरीत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, चार ठिकाणीं स्वस्थ राहणें हे श्रीमंतांचे चोचले आहेत. वस्तुस्थिति उलट आहे. रात्री तेवढ्याच, मुक्कामाचा खर्च सुमारें तेवढाच. उलट कित्येक गाड्यांचें भाडें वांचतें. प्रवासी मंडळ्यांविषयींही आम्ही सरसकट वाईट बोलूं इच्छीत नाहीं. भाषा येत नाहीं, गुडघे दुखतात, जेवणाचे नियम आहेत, अशा वडीलधाऱ्या माणसांस त्यांच्याशिवाय तो देश दिसलाच नसता. आमची तक्रार त्यांच्या सोयीविषयीं नाहीं. त्यांनीं विकलेल्या संख्येविषयीं आहे, आणि ती संख्या आम्ही मागतों म्हणूनच ते विकतात.

अधिक पाहण्यासाठीं कांहीं गाळावें लागतें, हें मोठ्या प्रवाशांनींही मानलें आहे. जर्मन कवि गटे १७८६ सालीं इटलींत उतरला, तेव्हां रोम गांठण्याच्या ओढीनें त्यानें फ्लॉरेन्ससारख्या नगरींत अवघे कांहीं तास काढले. हें अनुकरणीय आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पुढें रोममध्यें तो महिनेच्या महिने राहिला, आणि नेपल्स व सिसिली पाहून झाल्यावर पुन्हां रोमलाच परतून जवळजवळ वर्षभर राहिला. आपल्याला काय हवें हें त्यास ठाऊक होतें, म्हणून काय सोडावें हेंही ठाऊक होतें. आणि परक्यांचा दाखला कशाला? आमच्या पूर्वजांनीं उत्तरेच्या महायात्रेस नांव दिलें तें ‘त्रिस्थळी’. प्रयाग, काशी आणि गया, एवढीं तीनच स्थळें. आणि त्यांच्या यात्रेचा विधि सांगण्यास मूळ पैठणच्या घराण्यांतील नारायणभट्टांनीं सोळाव्या शतकांत ‘त्रिस्थलीसेतु’ हा एक मोठा ग्रंथ रचला. महिनोगणती पायीं चालून गेलेल्या त्या माणसांस वाटेंत शेंकडों गांवें लागलीं असतील. घरीं परतल्यावर त्यांनीं सांगितलीं तीं तीन.

ह्या वादास आणखी एक बाजू आहे, आणि ती केवळ आमच्या लाभहानीची नाहीं. व्हेनिसच्या जुन्या शहरांत १९५१ सालीं सुमारें पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ सालीं ती संख्या पन्नास हजारांच्या खालीं गेली. घरभाडीं, रोजगार, पुराचें पाणी अशीं ह्याचीं कारणें अनेक आहेत. पण सकाळीं येऊन सायंकाळीं जाणाऱ्या प्रवाशांचा लोंढा हें त्यांतलें एक मोठें कारण मानलें जातें. २०२४ च्या २५ एप्रिलपासून त्या शहरानें गर्दीच्या ठराविक दिवसांसाठीं पांच युरोंचा प्रवेशकर लावून पाहिला. तो कोणावर? जे मुक्काम न करतां जातात त्यांच्यावर. जे रात्रीं राहतात त्यांस तो माफ ठेवला. एखाद्या शहरानें पाहुण्यास ह्याहून स्पष्ट शब्दांत काय सांगावें? आमचीं कुटुंबें मात्र खाडीपलीकडच्या मेस्त्रे येथें स्वस्त मुक्काम धरून दुपारीं व्हेनिसला धांवती भेट देतात, आणि “तेथें फार गर्दी होती हो!” असें परत येऊन सांगतात. ती गर्दी म्हणजे आपणच, हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

मग आमच्या मतें बेत कसा असावा? पंधरा दिवस म्हणजे चौदा रात्री. रोमला पांच द्या, फ्लॉरेन्सला चार, व्हेनिसला तीन. आणि उरलेल्या दोन रात्री त्या गृहस्थांच्या कागदावर नसलेल्या एका गांवास द्या. तें गांव रावेन्ना. फ्लॉरेन्सहून निघून बोलोन्यास गाडी बदलली कीं तेथें जातां येतें. सहाव्या शतकांतील सान व्हिताले मंदिराच्या भिंतींवर सम्राट् जस्टिनियन व राणी थिओडोरा रंगीत कांचतुकड्यांतून आपल्याकडे पाहत उभीं आहेत. त्याच गांवांत दान्तेची समाधि आहे. फ्लॉरेन्सनें १३०२ सालीं ज्यास हद्दपार केलें तो कवि १३२१ मध्यें येथें वारला. फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे मंदिरांत प्रवासी ज्या भव्य स्मारकापुढें माना लववितात, तें रिकामें आहे. रावेन्नाच्या समाधीवरील दिव्यास तेल मात्र आजही दरवर्षीं फ्लॉरेन्स पाठवितें. केलेल्या अन्यायाचें असें सावकाश चाललेलें प्रायश्चित्त पाहावयाचें, तर दोन रात्री फार नव्हेत.

रावेन्ना सुचविण्यास आणखी एक कारण आहे, आणि तें खास आमचें आहे. त्या गांवाच्या पश्चिमेकडील सपाटींतून सेनिओ नांवाची लहानशी नदी वाहते. ९ एप्रिल १९४५ रोजीं तिच्या कांठीं मराठा पलटणींतील नामदेव जाधव ह्या अहमदनगर जिल्ह्यांतील शिपायानें गोळ्यांच्या वर्षावांत दोन जखमी सोबत्यांस एकामागून एक पाठीवर घेऊन नदीपार आणलें, आणि पुन्हां परत जाऊन शत्रूचीं यंत्रबंदुकांचीं ठाणीं एकट्यानें बंद पाडलीं. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यापूर्वीं, १० जुलै १९४४ रोजीं, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत तसाच पराक्रम करतांना कोंकणांतले नाईक यशवंत घाडगे कामास आले; त्यांच्या स्मरणार्थ मोन्तोने येथील लोकांमध्यें २०२३ सालीं एक छायाघटिका उभारण्यांत आली आहे. रावेन्नापासून जवळच फोर्ली येथें हिंदी सैनिकांची दफनभूमि आहे, आणि ज्यांचें दहन झालें त्यांचें स्मारकही तेथेंच आहे. ते परक्यांच्या साम्राज्यासाठीं लढले, हें खरें. तरी ते आमचे होते हेंही खरें. पुण्यामुंबईहून दरसाल इतकीं कुटुंबें फ्लॉरेन्सहून व्हेनिसला जातात. त्यांतलीं कितीशीं ह्या वाटेस वळतात? ज्याची यादी दुसऱ्यानें केलेली असते, त्यास आपलें माणूस कोठें पडलें आहे हें कसें कळावें?

आमच्या बेतांत मिलान गेलें, नेपल्स गेलें, पाँपेई गेलें. सिएना गाळतांना तर आम्हांस फार वाईट वाटलें. १३३८-३९ सालीं आंब्रोजो लोरेन्झेत्तीनें तेथील नगरसभेच्या भिंतीवर सुराज्य व कुराज्य ह्यांचीं जीं चित्रें काढलीं, तीं प्रत्येक मतदारानें पाहावीं अशीं आहेत. ज्यास तीं पाहिल्याशिवाय चैन पडणार नाहीं, त्यानें फ्लॉरेन्सच्या दोन रात्री सिएनास द्याव्या; आमचा आग्रह शहरांच्या नांवांसाठीं नाहीं. कोणास पाँपेईच हवें असेल, तर त्यानें नेपल्सला चार दिवस राहून तेथील संग्रहालयही पाहावें. कारण पाँपेईंतील उत्तम चित्रें व मूर्ति आतां तेथें आहेत, आणि ती राखेंतली नगरी व हें संग्रहालय मिळूनच एक दर्शन पुरें होतें. पण मग त्यानें व्हेनिसवर पाणी सोडावें. गाळण्याचें दुःख ज्यानें सोसलें नाहीं, त्यानें बेत केलाच नाहीं. त्यानें नुसती यादी उतरून घेतली.

आमचे परिचित गृहस्थ रागावून गेले ते अद्याप आले नाहींत. ते आले नाहींत तरी चालेल. त्यांनीं आणि ह्या वाटेस लागलेल्या सर्व वाचकांनीं एवढेंच करावें. आपल्या कागदावर प्रत्येक शहरापुढें दिवस न लिहितां रात्रींचा आंकडा लिहावा. ज्या नांवापुढें शून्य येईल तें एकदां वाचावें, पतिपत्नींनीं मिळून विचार करावा, आणि मग त्याला एक तर दोन रात्री द्याव्या, नाहीं तर त्यावर काट मारावी.