'अचीव्हमेंट्स'च्या पानावर काय छापायचं?

आपल्या मॅगझिनचं सगळ्यात आधी उघडलं जाणारं पान कोणतं? अर्थात फिशपाँडचं! आणि सगळ्यात वेगाने उलटलं जाणारं? 'अचीव्हमेंट्स'. अमुक सरांचे इतके पेपर्स, तमुक मॅडमची अमक्या समितीवर नियुक्ती, फायनल इयरच्या कुणाला इतक्या लाखांचं पॅकेज, कुणाला अमेरिकेत ॲडमिशन. शेजारी पासपोर्ट साइझ फोटो. झालं! ज्यांची नावं आहेत ते आपलं नाव शोधतात, त्यांचे आई-बाबा अंक कपाटात जपून ठेवतात आणि बाकीचे आपण पान उलटतो.

मला या पानाशी थोडं भांडायचं आहे. (शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. भांडताना ऱ्हस्व-दीर्घ इकडेतिकडे झालं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

उदाहरण लांबचं नाही. दादरच्या पुढचं स्टेशन माटुंगा. तिथे व्हीजेटीआयच्या शेजारी जी संस्था आहे तिला आज आयसीटी म्हणतात, पण आपल्या केमिकलच्या जुन्या सरांच्या तोंडी अजून 'यूडीसीटी'च आहे. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली सुरू केलेला हा एक विभाग. सुरुवात टेक्स्टाइल केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनिअरिंग या दोन विषयांनी झाली. टेक्स्टाइल का, ते लालबाग-परळच्या माणसाला सांगावं लागत नाही. मुंबई म्हणजे गिरण्या आणि गिरणीला रंग, ब्लीचिंग समजणारी माणसं हवी होती. १९३८ मध्ये डॉ. के. वेंकटरामन या विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचे त्यांचे ग्रंथ जगभर वापरले गेले.

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. शेड जुळली नाही की डाइंग मास्तर कसा ओरडायचा याची नक्कल ते फार झकास करायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आजोबा पुन्हा कधी खात्यात गेले नाहीत. आज त्या बाजूच्या कितीतरी गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आहेत. म्हणजे ज्या धंद्यासाठी तो विभाग काढला, तो धंदा मुंबईतून गेला आणि विभाग मात्र राहिला! नुसता राहिला नाही, तर २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाला. ही अचीव्हमेंट कुठल्या पासपोर्ट फोटोखाली छापणार?

आता डॉ. रघुनाथ माशेलकरांची गोष्ट घ्या. जन्म १९४३, गोव्यातलं माशेल. वडील लवकर गेले, आईने मिळेल ते काम करून गिरगावात वाढवलं. बारा वर्षांपर्यंत पायात चप्पल नाही, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास, युनियन हायस्कूलमधले भावे सर, भिंगाने कागद जाळण्याचा तो प्रयोग... प्रत्येक मोटिव्हेशनल लेक्चरमध्ये हे असतंच. मग एकदम उडी! सीएसआयआरचे महासंचालक, हळदीच्या पेटंटची लढाई, १९९८ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो, २०१४ मध्ये पद्मविभूषण. टाळ्या.

पण मधलं काय? माझं भांडण या उडीशीच आहे. मध्ये टाटा ट्रस्टची महिना साठ रुपयांची स्कॉलरशिप होती. मॅट्रिकला बोर्डात अकरावा येऊनही शिक्षण सोडायची वेळ आली होती, ती या साठ रुपयांनी टळली. आणि मग मध्ये माटुंग्याचा तो विभाग होता.

१९६४ साली तिथे एक प्रोफेसर रुजू झाले, वय वर्षं सत्तावीस! मनमोहन शर्मा. जोधपूरचे, याच विभागाचे विद्यार्थी, केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्याकडे पीएच.डी. करून परत आलेले. तेव्हा माशेलकर एकवीस वर्षांचे, म्हणजे साधारण आपल्याच वयाचे. १९६६ ला त्यांनी बी.केम.इंजिनिअरिंग केलं आणि १९६९ ला शर्मा सरांकडेच पीएच.डी. दोघांच्या वयात सहा वर्षांचंही अंतर नाही. आपल्याकडे एवढं अंतर फर्स्ट इयर आणि एखाद्या जुन्या के.टी.वाल्यात असतं!

शर्मा सरांचं काम काय होतं? 'रॉयल सोसायटीवर निवडले गेलेले भारतीय इंजिनिअर, १९९०' एवढं लिहून आपण मोकळे होतो. पण काम ऐकाल तर मजा येईल. समजा एका टाकीतल्या द्रवात खालून वायू सोडलाय आणि हजारो बुडबुडे वर येतायत. या सगळ्या बुडबुड्यांचं मिळून पृष्ठफळ किती? हे कळल्याशिवाय किती वायू द्रवात शिरेल ते सांगता येत नाही आणि ते सांगता आलं नाही तर खताच्या कारखान्यातला साधा टॉवरसुद्धा नीट डिझाइन होत नाही. बुडबुडे मोजत बसणार का? एक छोटा, एक मोठा, एक फुटलेला! मग डँकवर्ट्स-शर्मा यांची वाट अशी: द्रवात असं रसायन घ्या ज्याची त्या वायूशी होणाऱ्या अभिक्रियेची गती आपल्याला आधीच ठाऊक आहे. किती वायू खाल्ला गेला ते टायट्रेशनने मोजा आणि उलटं गणित करून पृष्ठफळ काढा. म्हणजे बुडबुड्यांना हात न लावता त्यांचं माप! एस.ई.ला ब्युरेट धरून पेंगणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं की त्या ब्युरेटने एवढं करता येतं? मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

शर्मा सरांकडे सत्तरच्या आसपास विद्यार्थ्यांनी पीएच.डी. केली. त्यातलेच ज्येष्ठराज जोशी (पद्मभूषण, २०१४) पुढे त्याच संस्थेचे संचालक झाले आणि मराठी विज्ञान परिषदेचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. त्यातलेच कोल्हापूर जिल्ह्यातले गणपती यादव (पद्मश्री, २०१६) अभिमत विद्यापीठ झाल्यावर पहिले कुलगुरू झाले. ही नावं सुटी सुटी छापली तर चार 'थोर व्यक्ती' दिसतात. एका धाग्यात ओवली तर दिसतं की एकाने दुसऱ्याला शिकवलं आणि दुसऱ्याने तिथेच थांबून तिसऱ्याला.

मला माहितीय, स्टाफरूममध्ये म्हणतील की बाई, ॲक्रेडिटेशनला आकडे लागतात, ॲडमिशनला येणारे पालक पॅकेज विचारतात. मान्य. पॅकेजच्या आकड्याला मी नाकं मुरडत नाही. एज्युकेशन लोन काढून आलेल्या पोराच्या घरी तो आकडा फोनवर तीन-तीनदा विचारला जातो, हे हॉस्टेलमध्ये राहणाऱ्याला ठाऊक आहे. आकडा छापाच. पण फक्त आकडा छापला की काय होतं, तेही हॉस्टेलमध्येच दिसतं.

गेल्या वर्षी फायनल इयरच्या एका प्रोजेक्टला इंटर-कॉलेज स्पर्धेत बक्षीस मिळालं. आपल्या पानावर तीन नावं आणि गाइडचं नाव आलं. त्या प्रोजेक्टची निम्मी रीडिंग्ज माझ्या बॅचच्या एका मुलाने घेतली होती, संध्याकाळी लॅब बंद होईपर्यंत बसून. बारावीपर्यंत मराठी माध्यम, थर्मोला दोनदा के.टी., पण एंड पॉइंट त्याच्याइतका अचूक कुणीच पकडायचं नाही. तो आता कॉलेज सोडून गावी गेलाय. पानामुळे गेला असं मी म्हणत नाही, घरच्या अडचणी होत्या. पण जाताना तो मला म्हणाला, "मला यातलं काही येतच नव्हतं गं." तीन अंक चाळून त्याने हेच ठरवलं होतं की केमिकल इंजिनिअर होणारी माणसं वेगळी असतात. त्याला जे येत होतं त्याला आपण अचीव्हमेंट म्हणतच नाही, तर त्याला तरी कसं कळावं?

आणि लॅबमधले काका? स्टँडर्ड सोल्युशन्स करून ठेवणं, गळका पंप दोरा गुंडाळून चालता करणं, व्हायवाच्या दिवशी आपली फुटलेली कंडेन्सर गुपचूप बदलून देणं. एकाही अंकात त्यांचं नाव नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक नावाखाली चार ओळी द्या, मराठीत, फर्स्ट इयरला कळतील अशा. प्रश्न काय होता, आधी काय फसलं, शेवटी काय जमलं आणि हाताने काम कोणी केलं. पेपर कुठल्या जर्नलमध्ये आला हे पाचव्या ओळीत आलं तरी चालेल. सरांना वेळ नसेल तर आम्ही त्यांच्या केबिनबाहेर उभे राहून विचारून घेऊ, नाहीतरी सबमिशनसाठी तिथे उभे असतोच!

पुढच्या अंकाचा माहितीचा फॉर्म जूनमध्ये फिरेल. संपादकांनी त्यात 'मदत कोणाची झाली' हा एक रकाना वाढवावा. काकांचं पूर्ण नाव मी परवाच विचारून वहीत लिहून ठेवलंय. तीन वर्षं आम्ही त्यांना नुसतं 'काका' म्हणत होतो.