बोले ठराव आणि आपली सोयीस्कर विस्मृती

(१) २० मार्च जवळ आला की चवदार तळ्यावरील लेखांना भरती येते. त्यांत १९२३ च्या एका ठरावाचा उल्लेख असतो, पण तो एका ओळीत आटोपतो. तो मांडणाऱ्या सीताराम केशव बोले यांचे नाव पुष्कळदा गाळलेच जाते. हा धागा त्या गाळलेल्या नावाविषयी आणि ते गाळण्याच्या आपल्या सवयीविषयी आहे.

(२) प्रचलित मते दोन आहेत. पहिले असे की, कायदेमंडळातील ठराव म्हणजे निव्वळ कागद. इतिहास घडतो तो रस्त्यावर. दुसरे याच्या नेमके उलट: हक्क कायद्याने आधीच मिळाला होता, मग सत्याग्रहाचे प्रयोजन काय? माझ्या मते दोन्ही मते चूक आहेत आणि बोले यांची कारकीर्द दोहोंचेही खंडन करते.

(३) बोले मुंबईच्या भंडारी समाजातील. ब्राह्मणेतर चळवळीत वावरलेले आणि गिरणी कामगारांमध्ये काम केलेले. कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांत त्यांचे नाव येते. १९०७ साली तरुण भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा भरलेल्या सत्कारसभेचे अध्यक्ष बोलेच होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी भीमरावांना बुद्धचरित्र भेट दिले ते याच सभेत.

(४) १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर मुंबई प्रांताचे नवे कायदेमंडळ अस्तित्वात आले. काँग्रेसने १९२० च्या निवडणुकांवर बहिष्कार घातला होता. त्यामुळे या मंडळाकडे सरकारी बाहुले म्हणून पाहण्याची रीत पडली आणि पुढील इतिहासलेखनानेही तीच उचलली. बोले विस्मृतीत जाण्याचे एक कारण येथे सापडते. ते ज्या सभागृहात काम करत होते, ते सभागृहच आपण इतिहासातून वजा केले.

(५) त्या सभागृहात ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव संमत झाला. आशय असा: सार्वजनिक निधीतून बांधलेले व राखलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुले असावेत.

(६) या मसुद्याची बांधणी लक्षपूर्वक पाहावी. यात शास्त्रार्थ नाही, दयेची याचना नाही. कसोटी एकच: खर्च कोणाचा आणि कारभार कोणाचा? जे सर्वांच्या पैशातून चालते ते सर्वांचे. अस्पृश्यतेचा प्रश्न धर्मचर्चेतून काढून नागरिकत्वाच्या भूमीवर आणण्याचे काम या साध्या कसोटीने केले.

(७) मर्यादाही स्पष्ट होत्या. ठराव शिफारसवजा होता. मोडणाऱ्यास शिक्षा नव्हती. मंदिरे आणि खासगी विहिरी त्याच्या कक्षेबाहेर होत्या. सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारने आपल्या खात्यांना अंमलबजावणीचे आदेश दिले आणि जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव केला. तरीही तळ्यावर काहीच बदलले नाही.

(८) येथे बोले थांबले असते, तर त्यांना कागदी सुधारक म्हणणे न्याय्य ठरले असते. ते थांबले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव मांडला: ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी नाकारतील, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. उपदेशाने न हलणारी संस्था तिजोरीच्या चावीने हलते, हे त्यांनी ओळखले होते. लोकप्रतिनिधीचे काम ठराव संमत झाल्यावरच सुरू होते, याचा हा उत्तम दाखला आहे.

(९) मग १९ व २० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस यांच्यासारख्यांचे परिश्रम आणि डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व. हजारो माणसे तळ्यावर गेली व पाणी प्याली. त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ले झाले आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही झाले. कायद्याने आधीच हक्क मिळाला होता असे म्हणणाऱ्यांनी सांगावे, लाठ्या कोणत्या हक्कावर पडल्या?

(१०) महाड नगरपालिकेने आपला खुलेपणाचा ठराव मागे घेतला तो ४ ऑगस्ट १९२७ रोजी. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण झाली होती. ठराव निव्वळ कागद असता, तर तो रद्द करण्याची तसदी कोणी कशाला घेतली असती?

(११) डिसेंबर १९२७ मध्ये विरोधक न्यायालयात गेले. त्यांचा दावा काय होता? तळे खासगी स्वरूपाचे आहे आणि केवळ सवर्णांनी ते वापरण्याची प्रथा पुरातन आहे. बोले ठरावाची कसोटी ‘सार्वजनिक’ या शब्दावर उभी होती. प्रतिपक्षाने पहिला घाव नेमका तेथेच घातला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल आंबेडकरांच्या बाजूने दिला. तळे नगरपालिकेचे ठरले, पुरातन प्रथा सिद्ध झाली नाही. तो निकाल बोले ठरावावर आधारलेला नव्हता, हे मान्य. पण वाद ज्या प्रश्नावर लढला गेला, तो प्रश्न बोले यांनी १९२३ सालीच मांडला होता.

(१२) आता संविधानाचा अनुच्छेद १५(२) उघडून पाहा. पूर्णतः अथवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते इत्यादींच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान यांवरून कोणावरही निर्बंध असणार नाही. सार्वजनिक निधीची तीच कसोटी येथेही आहे. फरक इतकाच की शिफारशीच्या जागी आता मूलभूत हक्क आला.

(१३) यावर एक आक्षेप अपेक्षित आहे: बोले यांचे नाव पुढे केल्याने महाडचे श्रेय वाटले जाते. मला तो मान्य नाही. ठरावाचे कर्तृत्व मान्य केल्याने तळ्यावर ओंजळ भरणाऱ्यांचे धैर्य कमी होत नाही. उलट ते अधिक स्पष्ट होते, कारण राज्यव्यवस्थेने मान्य केलेला हक्क समाज कसा नाकारत होता, हे तेव्हाच कळते. ज्यांना ठराव ठाऊक नाही, त्यांना महाड हा केवळ बंडाचा प्रसंग वाटतो. ठराव ठाऊक असला की दिसते, कायदा मोडत होते ते तळे अडवणारे.

(१४) एक घटना, एक नायक ही आपली मांडणी सोपी आहे, पण ती घातक आहे. तिच्यामुळे आपण आमदाराकडून भाषण, उद्घाटन आणि फलक यांपलीकडे काही मागायचे विसरतो. मसुदा कोणी लिहिला, अंमलबजावणीचा पाठपुरावा कोणी केला, निधी रोखण्याची भाषा कोणी केली, हे प्रश्न आपण आजच्या प्रतिनिधींना विचारत नाही, कारण कालच्या प्रतिनिधींविषयी ते कधी विचारलेच नाहीत.

(१५) म्हणून येत्या २० मार्चला चवदार तळ्याविषयी लिहाल तेव्हा ४ ऑगस्ट १९२३ ही तारीखही लिहा आणि तिच्यापुढे सीताराम केशव बोले हे नाव. अनामिक ठराव नावानिशी वाचला की त्यामागचे श्रमही दिसू लागतात.

धागा समाप्त.