काही न सांगता धरलेले

टपरीवर चहा सांगताना साखरेचे कुणी बोलत नाही. नको असेल तरच बोलावे लागते. प्रोग्रॅमिंगमध्ये फंक्शनला हीच सोय असते. एखादी माहिती दिली नाही तर आधी ठरवलेली धरायची. तिला डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणतात. घरातल्या मुली-मुलगे पायथॉन शिकू लागले की ही सोय लवकरच भेटते आणि भल्याभल्यांना चकवते.

समजा, यादीत नाव घालणारे फंक्शन लिहिले. यादी दिली नाही तर रिकामी यादी धरायची, एवढेच. आठवीसाठी यादी न देता 'सलमा' घातले. यादीत सलमा आली. मग नववीसाठी तसेच 'इरफान' घातले, तर यादीत सलमा आणि इरफान दोघेही! आठवीची मुलगी नववीत बसली.

कारण असे की, फंक्शनची 'डेफ' ही ओळ चालते तेव्हा पायथॉन ती रिकामी यादी एकदाच तयार करते. दर वेळी नवी नाही. वाण्याने पिशवी न आणणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी एकच पिशवी ठेवावी आणि ती कधी रिकामी करू नये, तसे. तुमच्या साखरेत मागच्याची डाळ येणारच. आकडा किंवा मजकूर डिफॉल्ट असेल तर हा घोटाळा होत नाही, कारण ते जागच्या जागी बदलत नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये ही सोय 2015 च्या आवृत्तीत आली. तिथे डिफॉल्ट दर वेळी नव्याने काढला जातो.

पायथॉनमधला उपाय सोपा आहे. डिफॉल्ट म्हणून 'नन' ठेवायचे आणि फंक्शनच्या आत 'नन' असेल तरच नवी यादी करायची.

पण इथेही एक खाच आहे, आणि आम्हाला ती जास्त वाईट वाटते. पुष्कळजण 'नन आहे का' असे न विचारता थोडक्यात 'फी ऑर 500' लिहितात. पायथॉन शून्यालाही 'काही नाही' समजते. फी माफ म्हणून 0 भरलेल्या मुलाच्या नावावर मग 500 रुपये चढतात, आणि पडद्यावर चूक दिसतही नाही. गुणपत्रिकेत आम्ही शिक्षक गैरहजर आणि शून्य वेगवेगळे लिहितो, ते उगाच नाही.

घरी कुणी असा प्रोग्रॅम लिहीत असेल तर त्याला ते फंक्शन यादी न देता दोनदा चालवायला सांगा. मग एकदा 0 देऊन.