सायकल सारखी पंक्चर का होते? दोष रस्त्याचा की हवेचा?

9 एप्रिल 2023. उत्तर फ्रान्समधली 'पॅरिस-रुबे' ही सायकल शर्यत अखेरच्या टप्प्यात आली होती. बेल्जियमचा वाऊट व्हॅन आर्ट आणि नेदरलँड्सचा मथियू व्हॅन डर पूल दगडी रस्त्यावर आघाडी घेत होते. शर्यत संपायला 15 किलोमीटरच्या आसपास उरले असताना व्हॅन आर्टचा टायर पंक्चर झाला. चाक बदलेपर्यंत व्हॅन डर पूल पुढे निघून गेला आणि त्यानेच शर्यत जिंकली. व्हॅन आर्ट तिसरा आला.

जगातली सर्वोत्तम सायकल, सोबत मेकॅनिकची फौज, तरीही पंक्चर. मग ते टाळताच येत नाही का? पूर्णपणे नाही. पण बरीच पंक्चर टाळता येतात, आणि त्याची सुरुवात टायरमधल्या हवेपासून होते.

टायर जितका कडक, तितका वेगवान?

अनेक वर्षं शर्यतींमध्ये हाच समज होता. 23 मिलिमीटर रुंदीचे टायर आणि त्यात 100 ते 120 पीएसआय हवा, असं समीकरण ठरलेलं होतं. प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत ड्रमवर कडक टायर खरोखरच सहज फिरतो.

रस्ता मात्र गुळगुळीत नसतो. कडक टायर प्रत्येक खड्ड्यावर उसळतो, सायकल आणि स्वार दोघांनाही हादरे बसतात आणि त्यात ताकद वाया जाते. थोडा मऊ टायर तोच उंचवटा स्वतःत सामावून घेतो. म्हणून गेल्या दहा-बारा वर्षांत शर्यतीतले टायर 28 ते 32 मिलिमीटरपर्यंत रुंद झाले आणि हवा 60 ते 75 पीएसआयच्या आसपास आली. बहुतेक संघांनी आतली ट्यूबही काढून टाकली. ट्यूबलेस टायरमध्ये एक द्रव असतो, तो लहान छिद्र आपोआप बुजवतो. मोठी चीर मात्र त्यालाही बुजवता येत नाही.

मग हवा कमीच ठेवायची?

नाही, गोंधळ नेमका इथेच होतो. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना ट्यूब असते. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आपटलं, की ट्यूब रस्ता आणि रिम यांच्यात चिमटली जाते. तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रं पडतात, साप चावल्यासारखी. काटा नाही, खिळा नाही, तरी पंक्चर. डबलसीट बसल्यावर किंवा कॅरिअरवर पोतं टाकल्यावर मागच्या चाकावरचं वजन वाढतं आणि हा धोकाही वाढतो.

म्हणजे हवा जास्त झाली तर हादरे, कमी झाली तर चिमटा. किती हवा भरायची याची मर्यादा टायरच्या बाजूवर छापलेली असते. त्या मर्यादेत राहून वजन जास्त असेल तर थोडी जास्त हवा भरायची.

छिद्र कुठे आहे ते बघा

पंक्चर काढताना फक्त ठिगळ लावून मोकळं होऊ नका. छिद्राची जागा कारण सांगते.

• बाहेरच्या बाजूला एकच छिद्र: सराटा, बाभळीचा काटा, काच किंवा ट्रकच्या फाटलेल्या टायरमधली बारीक तार. टायरच्या आतून जपून हात फिरवा. काटा तिथेच राहिला तर नवं ठिगळही टिकणार नाही.
• शेजारी-शेजारी दोन छिद्रं: हवा कमी होती.
• रिमच्या बाजूला छिद्र: स्पोकचं टोक टोचतंय किंवा रिमची पट्टी सरकली आहे.
• छिद्र सापडतच नाही: व्हॉल्व्ह तपासा. साध्या सायकलच्या व्हॉल्व्हवर रबराची बारीक नळी असते. ती सैल झाली की हवा हळूहळू जाते आणि पंक्चर झाल्यासारखं वाटतं.

शिवाय पंक्चर नसलं तरी ट्यूबमधली हवा काही आठवड्यांत आपोआप उतरते. म्हणून आठवड्यातून एकदा हवा तपासणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. टायरला भेगा पडल्या असतील किंवा आतले धागे दिसत असतील, तर ठिगळांवर पैसे घालवण्यापेक्षा टायर बदललेला बरा. काटे जास्त असतील तिथे जाड पट्ट्याचा टायर टिकतो, पण तो जड असतो आणि थोडा हळू पळतो. वेग आणि टिकाऊपणा दोन्ही एकदम पूर्ण मिळत नाहीत.

हा प्रश्न फक्त हौशी सायकलस्वारांचा नाही

शर्यतीत मागून येणाऱ्या गाडीत दुसरं चाक तयार असतं. सायकलवर पोट किंवा शिक्षण अवलंबून असणाऱ्यांच्या मागे अशी गाडी नसते. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून 125 तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल घ्यायला मदत मिळते. पण शाळा 4-5 किलोमीटरवर आणि पंक्चरचं दुकान त्याहून लांब असेल, तर एका सराट्याने शाळेचा दिवस बुडू शकतो.

त्यामुळे सायकल मिळाली की काम संपत नाही. शाळेत एक हातपंप, ठिगळं, सोल्युशनची ट्यूब आणि पंक्चर काढायला शिकवणारा एक तास, एवढी सोय फार खर्चिक नाही. व्हॅन आर्टची एक शर्यत गेली, पुढच्या वर्षी दुसरी असते. बुडालेला परीक्षेचा पेपर मात्र इतक्या सहज परत मिळत नाही.